जुनी घरे, जुन्या वस्तू आणि छायाचित्राची मागची बाजू

आमच्या घरी एक छायाचित्र आहे. तळहाताएवढे, कृष्णधवल, नक्षीदार कातरलेल्या कडांचे. त्यात माझे आजोबा हेल्मेट घालून उभे आहेत आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून एक उंचपुरे रशियन गृहस्थ मनमोकळे हसत आहेत. मागे अर्धवट उभे राहिलेले पोलादी सांगाडे दिसतात. हे गृहस्थ कोण, चित्र कोणत्या वर्षीचे आणि दोघांना हसू कशाचे आले, हे आज घरात कोणालाही ठाऊक नाही. छायाचित्र उलटून पाहावे तर मागची बाजू कोरी. आजोबा २००५ साली गेले. तोपर्यंत ते चित्र आम्ही नातवंडांनी शेकडो वेळा हाताळले होते आणि आजोबा तर रोज संध्याकाळी समोरच खुर्चीवर बसलेले असत. त्यांना विचारावे, असे एकदाही कोणाच्या मनात आले नाही.

छायाचित्रात रूप टिकते. नाव, नाते आणि कारण मात्र कोणी लिहून ठेवले तरच टिकते. जुन्या वस्तूंची आणि वास्तूंची छायाचित्रे काढण्याचा छंद अलीकडे पुष्कळांना लागला आहे. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असल्यामुळे तो सोपाही झाला आहे. परंतु काढलेल्या चित्रातून पंचवीस वर्षांनंतर कोणाला काही कळावे, अशी इच्छा असेल तर थोडी शिस्त पाळावी लागते. बँकेत नोंदी ठेवण्यात आयुष्य गेलेल्या आपणा मंडळींना ही शिस्त जड वाटू नये. माझी बदली भिलाईला झाल्यानंतर या बाबतीत जे काही शिकता आले, चुकता आले, ते येथे मांडीत आहे.

चावी परत करण्याचे गाव

भिलाई हे नव्याने वसलेले शहर. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि दुर्गजवळच्या शेतीच्या व माळरानाच्या मुलखात पोलाद कारखान्याची उभारणी सुरू झाली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आजोबा त्याच्या आदल्या वर्षी भंडाऱ्याहून फिटर म्हणून येथे आले. आज भंडारा महाराष्ट्रात आणि दुर्ग छत्तीसगडात असल्यामुळे हे अंतर मोठे वाटते. परंतु १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत दोन्ही जिल्हे एकाच प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्याही आधी, अठराव्या शतकाच्या मध्यापासून, छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. मुंबई-हावडा लोहमार्ग दोन्हीकडून जातो. त्यामुळे विदर्भातून आलेल्या मराठी माणसाला भिलाई हा परमुलूख वाटला नाही.

येथील वसाहत सेक्टरांत विभागलेली आहे. पत्ता सांगताना सेक्टर, सडक आणि क्वार्टरचा क्रमांक सांगावा लागतो. घरे कारखान्याच्या मालकीची. २००० नंतरच्या वर्षांत काही घरे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर कर्मचाऱ्यांना मिळाली, पण एरवीची रीत अशी, की नोकरी संपली की घर रिकामे करून चावी परत द्यायची. आमच्या कुटुंबाला १९७४ साली मिळालेले क्वार्टर पुढे बाबांच्या नावावर झाले आणि २०१४ साली बाबा निवृत्त झाले तेव्हा आम्ही ते सोडले. चाळीस वर्षे! कोकणातल्या किंवा देशावरच्या माणसाला, घराची पडझड झाली तरी, 'हे आमचे' म्हणून दाखवायला निदान जोते उरते. भिलाईत वाढलेल्या मुलाचे घर शाबूत असते, रंगवलेले असते, आणि त्यात दुसऱ्याच कोणाची तरी शिट्टी वाजत असते, म्हणजे कुकरची. अशा गावात घराचे छायाचित्र काढून ठेवण्याला वेगळे महत्त्व येते. आम्ही घर सोडताना सामानाच्या घाईत एकही चित्र काढले नाही, हे कबूल केलेले बरे.

बारा चित्रांची फिल्म

जुन्या वस्तूंची जुनी छायाचित्रे घरोघरी इतकी कमी का आढळतात, याचे उत्तर कॅमेऱ्यातच आहे. बाबांकडे बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री होता. त्यात १२० क्रमांकाची फिल्म बसे आणि तीवर बारा चौकोनी चित्रे निघत. फिल्मचा खर्च, धुण्याचा खर्च, छपाईचा खर्च, आणि इतके करून त्यांतली दोन-तीन हमखास धूसर. ही बारा चित्रे वर्षभर पुरवायची असत. साहजिकच ती मुंजीवर, बारशावर, पाहुण्यांवर खर्ची पडत. बारातले एक चित्र स्टोव्हवर किंवा रॉकेलच्या डब्यावर वाया घालवणाऱ्याला घरच्यांनी वेड्यात काढले असते.

म्हणून जुने अल्बम पाहताना माणसांच्या चेहऱ्यांइतकेच त्यांच्या मागे काय आहे ते पाहावे. आमच्या व्हॉल्व्हच्या रेडिओचे एकमेव चित्र आत्याच्या वाढदिवसाच्या फोटोत, तिच्या डाव्या कानामागे आहे. आजोबांची सायकल अंगणातल्या सत्यनारायणाच्या चित्रात अर्धी आली आहे. कॅमेरा धरणाऱ्याने या वस्तू मुद्दाम टिपलेल्या नाहीत. त्या चुकून आत शिरल्या आणि चुकून वाचल्या.

मुद्दाम असे काम करणारी माणसेही होऊन गेली. पॅरिसचा यूजीन आत्जे याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९२७ साली मृत्यू येईपर्यंत जुन्या शहरातील गल्ल्या, दुकानांच्या पाट्या, जिने, दारांच्या कड्या टिपल्या. ही चित्रे तो ग्रंथालयांना, संग्रहालयांना आणि चित्रकारांना विकत असे. चित्रावर क्रमांक आणि मागे पेन्सिलीने ठिकाणाचे नाव लिहिण्याची त्याला सवय होती, म्हणून त्याच्या चित्रांवरून आजही रस्ता सापडतो. आपल्या भागात पुरातत्त्व सर्वेक्षणाचे जे. डी. बेग्लर यांनी १८७३-७४ मध्ये मध्य प्रांताचा दौरा केला. ते अभियंता होते आणि छायाचित्रकारही होते. पाहिलेल्या स्थळांचा त्यांनी सविस्तर अहवाल लिहिला. चित्र आणि मजकूर एकाच माणसाच्या हातून तयार व्हावेत, हा योग फार चांगला.

पितळेवरची अक्षरे

सुरुवात घरातील वस्तूंपासून करावी. पहिला मोह आवरायचा तो वस्तू चिंचेने घासून लख्ख करण्याचा. पोचे, काजळी, झिजलेला कान या खुणाच तर आपल्याला हव्या असतात. प्रकाश खिडकीचा, सकाळचा किंवा उतरत्या दुपारचा घ्यावा. पितळ, काच आणि तैलरंग यांच्यावर फ्लॅश कधीही मारू नये. पांढरा डाग पडतो आणि त्याखालचे सारे बुडते. ऊन थेट येत असेल तर खिडकीला जुन्या धोतराचे पान लावावे. या कामासाठी त्याहून चांगली वस्तू बाजारात मिळत नाही. मागे करडे घोंगडे किंवा साधी चादर पुरे.

आपल्याकडे एक मोठी सोय आहे, तिचा उल्लेख मुद्दाम करते. मराठी घरांत भांड्यांवर नावे घालण्याची पद्धत आहे. कोणी दिले, कोणाला दिले, कोणत्या प्रसंगी, आणि पुष्कळदा तारीखही. भांड्यांच्या दुकानात बसून छोट्या हत्यारावर टकटक करीत ठिपक्याठिपक्यांनी अक्षरे काढणारा कारागीर सगळ्यांनी पाहिला आहे. हे तंत्र जाणणाऱ्या समाजाने छायाचित्रांच्या मागे मात्र काही लिहू नये, याचे नवल वाटते. माझ्या आजीचा तांब्या वर्षानुवर्षे राखेने घासला गेल्यामुळे त्यावरची अक्षरे दिसेनाशी झाली होती. समोरून काढलेल्या चित्रात तो कोरा दिसे. मग खोलीत अंधार करून एका बाजूने, अगदी तिरपा, टॉर्चचा झोत टाकला. ठिपक्यांच्या खळग्यांत सावल्या साचल्या आणि आजीच्या माहेरचे आडनाव व १९५८ हे साल स्पष्ट उमटले. तिरप्या प्रकाशाची ही युक्ती दगडी शिलालेखांपासून दाराच्या चौकटीवर कोरलेल्या अक्षरांपर्यंत सर्वत्र चालते.

प्रत्येक वस्तूची निदान चार चित्रे असावीत. एक संपूर्ण वस्तूचे, एक तिच्या पाठीचे वा तळाचे, एक खुणेचे जवळून, आणि चौथे, जे नेहमी राहून जाते, ती वस्तू घरात ज्या जागी असते त्या जागेसह. एका चित्रात आकार कळावा म्हणून शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवावे. त्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे, आणि बँकेच्या माणसाला मापासाठी नाण्याखेरीज दुसरे काय सुचणार!

यानंतरचे काम चित्र काढण्याहून अवघड आहे. वस्तू वापरलेल्या माणसापुढे ती ठेवावी, फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करावे आणि गप्प बसावे. 'ही कोणाची?' असे विचारले तर एका शब्दात उत्तर येते. 'ही कशी वापरायचात?' असे विचारले की हात हलू लागतात. बाबांना मी त्यांचा जुना टिफिनचा डबा दाखवला, तेव्हा त्यांनी आधी खालचा पुडा उघडला. पाळीचा भोंगा झाल्यावर सायकलींची रांग, रात्रपाळीत वितळलेला मळ ओतला जाई तेव्हा लाल होणारे आकाश, हे सगळे त्या पुड्यातून निघाले. त्या लाल आकाशाचे चित्र आमच्याकडे नाही. बारा चित्रांच्या फिल्मवर रात्रीचे आकाश कोण काढणार? पण बाबांच्या आवाजात ते आहे.

जुन्या छायाचित्रांची प्रत काढतानाही फ्लॅश टाळावा आणि कॅमेरा चित्राशी समांतर धरावा. शक्य असेल तर स्कॅनर वापरावा. कृष्णधवल चित्रातील प्रतिमा चांदीच्या कणांची असते आणि नीट धुतलेले असेल तर ते शतकभर टिकते. रंगीत चित्र रंगद्रव्यांचे असते. ही द्रव्ये उजेडाने व उष्णतेने विटतात. १९७० आणि ८० च्या दशकांतील लग्नांचे अल्बम तांबूस दिसतात ते यामुळेच. म्हणून प्रती काढताना आधी आजी-आजोबांची नव्हे, तर आई-वडिलांच्या काळातली रंगीत चित्रे घ्यावीत. चिकट पानांच्या अल्बममधून चित्र ओढून काढू नये, पानासकटच त्याची प्रत घ्यावी. मागे लिहायचे ते मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनचा वण पुढच्या बाजूला उमटतो. गुळगुळीत पाठीच्या रंगीत चित्रावर पेन्सिल चालत नाही, तेव्हा पाकिटावर लिहावे आणि मग चित्र आत ठेवावे.

फोनमधील चित्रांना मागची बाजू नसते. ती आपण द्यावी. चित्राच्या नावातच साल, ठिकाण आणि वस्तू लिहावी. साल नक्की नसेल तर 'सुमारे' लिहावे, अंदाजाला खात्रीचे रूप देऊ नये. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र साध्या रीतीने पाठवले की ते आकसते आणि त्यासोबतची तारखेची माहितीही गळते, म्हणून ते दस्तऐवज म्हणून पाठवावे. दोन प्रती दोन गावी असाव्यात.

टोकन क्रमांक ४१

माझ्या ओळखीच्या एका जुन्या शाखेत अडगळीची खोली आवरताना पितळी टोकनांचा एक डबा निघाला. तरुण सहकाऱ्यांना ती कसली हेही कळेना. पैसे काढण्यासाठी धनादेश दिला, की क्रमांकाचे टोकन हाती घेऊन बाकावर बसायचे आणि रोखपालाने क्रमांक पुकारला की उठायचे, हे ज्यांनी अनुभवले त्यांच्या कानात तो पुकारा अजून असेल. व्यवस्थापकांच्या परवानगीने मी टोकनांची चित्रे घेतली. क्रमाने मांडताना ४१ क्रमांक नसल्याचे लक्षात आले. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आलेल्या एका निवृत्त दप्तरींना विचारले. ते म्हणाले, एका गृहस्थांनी पैसे घेतले आणि गडबडीत टोकन खिशातच घरी नेले. नंतर ते हरवले, तेव्हापासून तो क्रमांक बाद. त्या दिवशी बंद करण्याच्या वेळी टोकने मोजताना एक कमी भरले आणि सारी शाखा रात्री नऊपर्यंत बसून राहिली होती. पंच्याऐंशीच्या घरातले ते गृहस्थ हे सांगताना जणू कालच उशीर झाल्यासारखे वैतागले होते. जी वस्तू तेथे नव्हती तिचीच गोष्ट सर्वांत चांगली निघाली. रिकाम्या जागेचेही एक चित्र मी काढले आहे.

जुन्या खतावण्या त्याच खोलीत होत्या. त्यांतील वळणदार हस्ताक्षर मोह पाडणारे, पण ग्राहकांची नावे आणि शिल्लक यांची चित्रे घेता येत नाहीत. खाते बंद होऊन चाळीस वर्षे झाली तरी गोपनीयता संपत नाही. त्या तशाच मिटल्या.

हाच विवेक बाहेरही हवा. पोलाद कारखान्याच्या आवारात परवानगीविना छायाचित्रण करता येत नाही. भिलाईजवळ चरोद्यातील देवबलोदा येथे कलचुरी काळातील शिवमंदिर आहे, शेजारी कुंड आहे. ते पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकांत साध्या कॅमेऱ्याने चित्रे घेण्यास सहसा हरकत नसते, मात्र तिपाई लावायची तर आधी विचारावे लागते. देवबलोद्याला मी दोनदा गेले. पहिल्या खेपेस मूर्तींची शंभर चित्रे काढली. ती कोणीही काढली असती. दुसऱ्या खेपेस आई सोबत होती. लग्नानंतर पहिल्या महाशिवरात्रीच्या यात्रेत ती ज्या पायरीवर बसली होती ती तिने दाखवली. त्या एका पायरीचे चित्र मी ठेवले आहे. शंभरांपैकी बहुतेक पुसून टाकली.

येथे ग्राहकांसाठी एक व्यावहारिक सूचना. लॉकरमध्ये काय ठेवले आहे याची नोंद बँकेकडे नसते. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२१ च्या निर्देशांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत आहे. ऐवज किती होता हा प्रश्न त्यानंतरही कुटुंबापुढे राहतोच. तेव्हा दागिन्यांची चित्रे वजनाच्या चिठ्ठीसह काढून ठेवावीत आणि शेजारी लिहावे, की ही पाटली कोणाची, कोणाकडून आली. वारसांच्या वाटण्यांत वजनापेक्षा या दुसऱ्या ओळीवरूनच अधिक वाद होतात, असा आमच्या टेबलाजवळचा अनुभव आहे.

व्हरांड्यातील कडी

शेवटी आमच्या क्वार्टरकडे जायचे धाडस केले. धाडस अशासाठी, की दार वाजवून 'मी येथे राहत होते' असे सांगणाऱ्या अनोळखी बाईला लोकांनी आत का घ्यावे? आधी चिठ्ठी पाठवली, वेळ ठरवली. आता तेथे राहणारे कुटुंब विजयानगरमकडचे. त्यांनी चहा दिला आणि काय हवे त्याची चित्रे काढा, असे सांगितले. त्यांच्या माणसांची आणि देवघराची चित्रे मी काढली नाहीत.

घर लहान झाल्यासारखे वाटले, तसे ते सर्वांनाच वाटते. मी शोधत होते ती वस्तू मागच्या व्हरांड्यात, छताला होती, एक जाड लोखंडी कडी. तिला आता तारेची फुलकुंडी टांगलेली होती. ही कडी येथे कशासाठी, असे त्या बाईंनीच विचारले. मी मोठ्या अभिमानाने सांगितले, की माझ्या आजोबांनी ती स्वतः बसवली, माझ्या पाळण्यासाठी. त्यांनी मुलाला हाक मारून कडी दाखवली. मी खालून, बाजूने, कुंडीसह आणि कुंडीविना चित्रे घेतली. रात्री चित्राला नाव दिले, 'पाळण्याची कडी, आजोबांनी बसवलेली, १९८८', आणि नागपूरला बाबांकडे पाठवले.

बाबांचा फोन लगेच आला. कडी पाहून त्यांना आनंद झाला होता, पण नोंद चुकीची होती. १९७४ मध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा कडी छताला होतीच, तिला सायकलची फाटकी ट्यूब लोंबकळत होती. आजोबांनी माझ्या वेळी फक्त तिला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिले, ती आपला भार पेलते की नाही म्हणून, आणि आजी त्यांच्यावर ओरडली. 'त्याआधी कोण राहत होतं तिथं?' मी विचारले. बाबांना कुटुंब आठवत होते, आडनाव आठवत नव्हते. बहुधा जबलपूरकडचे, त्यांना एक लहान मुलगी होती.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंना फोन करून माझी चूक सांगितली. चित्राचे नावही बदलले. आता तेथे असे लिहिले आहे : 'मागच्या व्हरांड्यातील कडी. १९७४ पूर्वीची. कोणी बसवली ते माहीत नाही. १९८८ मध्ये आजोबांनी लोंबकळून पाहिली. माहिती : बाबा, दूरध्वनीवरून.'